बाल्कनीसाठी फुलणारा वेल कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल निवडण्याची सुरुवात कोठून करावी?

फुलाच्या रंगापासून सुरुवात केली की बहुतेक वेळा पुढे निराशा पदरी येते. सुरुवात उन्हापासून करावी. सुट्टीच्या एखाद्या दिवशी सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत तासातासाला बाल्कनीत डोकवावे आणि थेट ऊन कोठे, किती वेळ पडते याची नोंद करावी. ही नोंद दोन ठिकाणची हवी : एक जमिनीलगतची, जिथे कुंडी ठेवायची आहे, आणि दुसरी कठड्याच्या वरची, जिथे वेलाचा पसारा येणार आहे. या दोन्हींत पुष्कळदा मोठा फरक आढळतो. भरीव कठड्याच्या आड कुंडी दिवसभर सावलीत राहते आणि शेंडे मात्र उन्हात असतात. ही स्थिती वाईट नाही, उलट पुष्कळ वेलांना ती मानवते, कारण मुळांशी गारवा आणि पानांवर ऊन अशीच त्यांची रानातली सवय असते.

एकाच दिवसाच्या नोंदीवर मात्र विसंबू नये. सूर्याचा मार्ग ऋतूनुसार सरकतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब त्यात आणखी भर घालतो. थंडीच्या दिवसांत सूर्य आकाशात खाली असल्यामुळे ऊन बाल्कनीत आतपर्यंत शिरते; उन्हाळ्यात तो माथ्यावर आला की तोच स्लॅब छत्रीसारखा आड येतो. थंडीत पाच तास ऊन मिळणाऱ्या जागी उन्हाळ्यात जेमतेम दीड तास ऊन उरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणून दोन वेगवेगळ्या ऋतूंतली नोंद हाती असेल तर निवड चुकण्याची शक्यता फार कमी होते.

बाल्कनीच्या दिशेवरून अंदाज बांधता येतो का?

ढोबळ अंदाज येतो. पूर्वेची बाल्कनी कोवळे ऊन देते आणि दुपारी विसावा देते. वेलांसाठी मला हीच दिशा सर्वांत सुखाची वाटते. पश्चिमेला ऊन तेवढेच तास मिळते, पण ते तापलेल्या भिंतीवरून आणि तापलेल्या हवेतून येते, त्यामुळे नाजूक पाने करपतात आणि कुंडीतली माती लवकर सुकते. उत्तर गोलार्धात दक्षिणेची बाल्कनी वर्षातून सर्वाधिक ऊन मिळवते आणि दक्षिण गोलार्धात तोच मान उत्तरेच्या बाल्कनीला मिळतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यात मात्र वर्षातले काही आठवडे किंवा महिने सूर्य माथ्यावरून पलीकडच्या बाजूला जातो, म्हणून तेथे एरवी सावलीत असलेल्या बाल्कनीलाही त्या काळात थोडे ऊन लाभते. समोर उंच इमारत किंवा मोठे झाड असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, आणि मग प्रत्यक्ष नोंदीला पर्याय उरत नाही.

किती उन्हात कोणता वेल फुलेल?

पाच-सहा तासांहून अधिक थेट ऊन असेल तर निवडीला भरपूर वाव आहे. बोगनवेल, मधुमालती, अलमांडा, गोकर्ण, गणेशवेल आणि मॉर्निंग ग्लोरी हे सारे उन्हाचे भुकेले वेल आहेत. त्यांना ऊन कमी पडले तर ते मरत नाहीत. ते लांबच लांब फांद्या टाकत, पाने वाढवत उजेडाकडे धावत राहतात आणि फुलायचे तेवढे टाळतात. पुष्कळांना वाटते की खत कमी पडले. त्या गैरसमजातून आणखी खत घातले जाते आणि पाने आणखी वाढतात.

तीन ते पाच तास ऊन असेल तर जाई, जुई, लसूणवेल आणि कृष्णकमळाच्या काही जाती बऱ्यापैकी साथ देतात. लसूणवेलाची शिफारस मी विशेष आस्थेने करतो. त्याचे पान चुरगळले की लसणाचा वास येतो, म्हणून हे नाव. फुलांना मात्र तो वास जाणवण्यासारखा नसतो. जांभळे उमललेले फूल दोन-तीन दिवसांत फिकट लव्हेंडर आणि मग जवळजवळ पांढरे होते, त्यामुळे बहराच्या वेळी एकाच घोसात तीन छटा दिसतात. त्याची वाढही आटोक्यात राहते, आणि बाल्कनीपुरता हा गुण फार मोलाचा आहे.

थेट ऊन जवळपास नाही, पण उजेड भरपूर आहे, अशा जागी होया हा वेल लावावा. त्याची जाड, मेणचट पाने पाणी साठवून ठेवतात, आणि तारकांसारख्या लहान फुलांचे गोलाकार झुबके येतात. होयाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी : फुले गळून गेल्यावर उरलेला आखूड देठ कापू नये, कारण पुढच्या हंगामातली फुले त्याच देठावर पुन्हा येतात. पांढऱ्या पाकळीसारख्या आवरणातून लाल फूल डोकावणारा ब्लीडिंग हार्ट वेलही हलक्या सावलीत चांगला फुलतो. ज्या बाल्कनीत उजेडही बेताचाच आहे, तेथे फुलांचा आग्रह सोडून पानांच्या शोभेचा वेल लावणे हेच त्या रोपाच्या हिताचे आहे.

वेल चढतो कसा, हे माहीत असण्याची खरोखर गरज आहे का?

आहे, आणि माझ्या मते उन्हाखालोखाल महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आधार आणि वेल यांची जोडी चुकली की निरोगी वेलसुद्धा कठड्याशी गोळा होऊन पडून राहतो.

गोकर्ण, मॉर्निंग ग्लोरी आणि जुई यांच्यासारख्या वेलांचे खोडच आधाराभोवती वेढे घेत वर जाते. त्यांना उभी दोरी, तार किंवा बारीक काठी पुरते. आडव्या पट्ट्यांवरून त्यांना सहज चढता येत नाही. प्रत्येक वेलाची वळण्याची दिशा ठरलेली असते. आपण उलट्या दिशेने गुंडाळलेला शेंडा काही वेळाने सुटून येतो, म्हणून तो ज्या बाजूला स्वतः वळतो त्याच बाजूला त्याला मदत करावी.

कृष्णकमळ आणि लसूणवेल तणाव्यांनी चढतात. तणावा म्हणजे टोकाला स्पर्श होताच स्प्रिंगसारखा गुंडाळला जाणारा बारीक धागा. हा धागा जाड बांबूला किंवा रुंद लाकडी पट्टीला वेढा घालू शकत नाही. त्याला पेन्सिलीपेक्षा बारीक आधार लागतो. तारेची किंवा नायलॉनची जाळी येथे उत्तम. थंड हवामानात लोकप्रिय असलेला क्लेमॅटिस पानांच्या देठांनी आधार पकडतो आणि त्यालाही अशीच बारीक जाळी हवी असते.

बोगनवेल खऱ्या अर्थाने चढतच नाही. ती काट्यांच्या साहाय्याने इतर झाडांवर रेलत, अडकत वर जाते. कुंडीत तिला प्रत्येक टप्प्यावर बांधावे लागते. गाठ आठ आकड्यासारखी, सैल आणि सुती पट्टीची असावी, कारण पातळ तार खोड जाड होताच त्यात रुतते.

चौथा प्रकार हवाई मुळांनी किंवा नख्यांसारख्या आकड्यांनी भिंतीला चिकटणाऱ्या वेलांचा. त्यांना आधार द्यावा लागत नाही, ही सोय पुष्कळांना मोहात पाडते. परंतु ती मुळे रंगाचे पोपडे काढतात, भेगांत शिरतात आणि वेल उपटल्यावरही भिंतीवर त्यांचे ठसे उरतात. इमारतीच्या भिंतीवर असा वेल चढवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

कुंडी केवढी असावी, आणि बाल्कनीवर भार किती येतो?

एका हंगामापुरत्या लावलेल्या गोकर्ण, गणेशवेलासारख्या वेलांना 25 ते 30 सेंटीमीटर व्यासाची आणि तेवढीच खोल कुंडी पुरते. अनेक वर्षे टिकणाऱ्या वेलासाठी 40 सेंटीमीटर व्यास आणि 40 सेंटीमीटर खोली हे किमान माप धरावे. खाली किंचित निमुळत्या अशा कुंडीत सुमारे 40 लिटर माती मावते, आणि पाणी प्यालेल्या साध्या मातीचे वजन 50 ते 60 किलोपर्यंत जाते. त्यात कुंडीचे, आधाराचे आणि वाढलेल्या वेलाचे वजन वेगळे. अशा तीन कुंड्या बाहेर आलेल्या बाल्कनीच्या टोकाला एका रांगेत ठेवणे योग्य नाही. जड कुंड्या नेहमी घराच्या भिंतीलगत किंवा बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात आणि तेथून वेल कठड्याकडे न्यावा. कठड्यावर अडकवलेल्या कुंड्या वेलासाठी वापरू नयेत. त्या उथळ असतात, आणि निसटल्या तर खालून जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ असते.

माती हलकी करण्यासाठी कोकोपीट, चांगले कुजलेले कंपोस्ट आणि परलाइट किंवा भाताचे तूस मिसळता येते. भार लक्षणीय कमी होतो, मात्र हे मिश्रण लवकर सुकते आणि त्यात अन्नद्रव्ये टिकत नाहीत, म्हणून पाणी आणि खत यांचे वेळापत्रक अधिक काटेकोरपणे पाळावे लागते. इमारत जुनी असेल किंवा स्लॅबला तडे दिसत असतील, तर मोठ्या कुंड्या ठेवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

उंच मजल्यावर वारा फार असतो. तेथे वेल टिकतो का?

टिकतो, पण आधार कुंडीत रोवून भागत नाही. पानांनी भरलेली जाळी वाऱ्यात शिडासारखी काम करते. माझ्याकडे एकदा पाच फुटांची बांबूची जाळी कुंडीत खोचलेली होती. मधुमालती तिच्यावर पूर्ण पसरली आणि पहिल्याच जोरदार वादळी पावसात कुंडीसकट आडवी झाली. मुळे तुटली होती, रोप वाचले नाही. त्या दिवसापासून मी आधार नेहमी भिंतीतल्या हुकांना किंवा कठड्याच्या गजांना किमान तीन ठिकाणी बांधतो आणि कुंडीवर आधाराचा भार येऊ देत नाही.

वाऱ्यामुळे पानांतील पाणी झपाट्याने उडते, म्हणून उंच मजल्यावरच्या कुंडीला तळमजल्यावरच्यापेक्षा अधिक वेळा पाणी लागते. मोठ्या, पातळ पानांचे वेल फाटतात; गणेशवेलासारखी केसांइतकी बारीक चिरलेली पाने वारा आरपार जाऊ देतात. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातून येणारा गरम झोत हाही वाराच आहे, आणि त्याच्या समोर कोणताच वेल ठेवू नये.

पहिल्यांदाच वेल लावायचा आहे. कोणता लावावा?

पहिल्या वर्षी गोकर्ण लावावा, आणि हे मी विचारपूर्वक सांगत आहे. बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरले की उबदार हवेत आठवडा-दोन आठवड्यांत उगवते आणि साधारण दोन महिन्यांत फुले येऊ लागतात. तो शेंगवर्गीय असल्यामुळे त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून देतात, म्हणून खताचीही फारशी मागणी नसते. फुले एकेरी आणि दुहेरी, निळी आणि पांढरी अशी मिळतात.

परंतु खरे कारण वेगळे आहे. एका हंगामापुरता लावलेला हा वेल तुम्हाला तुमच्या बाल्कनीची ओळख करून देतो. ऊन कोठे कमी पडते, वारा कोणत्या कोपऱ्यातून घुसतो, माती किती दिवसांत सुकते, आपण आठवड्यातून किती वेळा खरोखर पाणी घालतो, हे सारे सहा महिन्यांत कळते; आणि त्यानंतर निवडलेला बहुवर्षायू वेल दहा-पंधरा वर्षे सोबत करू शकतो. गोकर्णाच्या शेंगा वेळेवर काढल्या तर तो अधिक काळ फुलत राहतो, कारण बी धरू लागले की वेलाची शक्ती तिकडे वळते. दोन-चार शेंगा मात्र पुढच्या पेरणीसाठी वेलावर वाळू द्याव्यात.

सुगंधासाठी कोणता वेल घ्यावा?

आधी हे ठरवावे की तुम्ही बाल्कनीत केव्हा बसता. सुगंधी वेलांपैकी पुष्कळांची फुले संध्याकाळी उमलतात, कारण त्यांचे परागण रात्री उडणारे पतंग करतात आणि अंधारात त्यांना बोलावण्यासाठी रंगापेक्षा गंध उपयोगी पडतो. जाई आणि जुई यांचा दरवळ संध्याकाळी जाणवू लागतो. चंद्रवेलीची थाळीसारखी पांढरी फुले तिन्हीसांजेला डोळ्यांदेखत उघडतात आणि सकाळी मिटतात. दिवसभर बाहेर राहून रात्री परतणाऱ्या माणसाला याहून चांगली सोबत नाही.

मधुमालतीचे फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि तिसऱ्या दिवशी लाल होते. पांढऱ्या अवस्थेत त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरे येतात. मात्र मधुमालती जमिनीत लावली तर इमारतीचे दोन मजले सहज गाठते. कुंडीत तिला वर्षातून किमान एकदा कठोरपणे छाटण्याची तयारी हवी. लहान बंदिस्त बाल्कनीला लागूनच झोपण्याची खोली असेल आणि घरातील कोणाला उग्र वासाने डोके दुखण्याचा त्रास असेल, तर सुगंधी वेल दूरच्या कोपऱ्यात ठेवावा.

घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर काय टाळावे?

कळलावी सर्वांत आधी टाळावी. पानांच्या टोकांनी चढणारा हा वेल लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांमुळे अतिशय देखणा दिसतो, परंतु त्याच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन हे तीव्र विष असते. अलमांडाचा चीक त्वचेला आणि पोटाला बाधतो. मँडेविलाच्या चिकानेही त्वचेची जळजळ होऊ शकते. मॉर्निंग ग्लोरी आणि विस्टेरिया यांच्या बिया विषारी आहेत. पिवळ्या फुलांचा कॅरोलिना जस्मिन हा नावाने जाई-जुईचा भाऊबंद वाटला तरी तो वेगळ्याच कुळातला आणि संपूर्ण विषारी वेल आहे. रांगत्या मुलाच्या उंचीवर बोगनवेलीचे काटेही नकोत. कोणी काही चघळल्याचा संशय आला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्याकडे जावे आणि वेलाची फांदी सोबत न्यावी.

बोगनवेल हिरवीगार आहे, पण फुलत नाही. असे का होते?

तीन कारणे संभवतात आणि ती याच क्रमाने तपासावीत : ऊन कमी, पाणी जास्त, नत्र जास्त. ज्याला आपण बोगनवेलीचे फूल म्हणतो ती खरे तर रंगीत, कागदासारखी पाने असतात, त्यांना छदे म्हणतात; खरे फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली इवलीशी नळी. ही छदे भरभरून येण्यासाठी वेलीला थोडा ताण द्यावा लागतो. माती वरून पाच सेंटीमीटर सुकू द्यावी, पाने किंचित मलूल दिसू लागताच भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा थांबावे. शेणखताचा किंवा युरियाचा मारा थांबवून पालाश अधिक असलेले खत बेताने द्यावे. बोगनवेलीला घट्ट कुंडी चालते. दरवर्षी मोठ्या कुंडीत हलवलेली वेल मुळे वाढवण्यातच रमते.

छाटणी केव्हा करावी?

वेल नव्या फुटव्यावर फुलतो की जुन्या फांदीवर, यावर ते अवलंबून आहे. बोगनवेल, मधुमालती, अलमांडा नव्या फुटव्यावर फुलतात, म्हणून बहर ओसरल्यावर किंवा वाढीचा हंगाम सुरू होण्याआधी छाटता येतात. विस्टेरिया आणि वसंतात बहरणारे काही क्लेमॅटिस मागच्या वर्षीच्या फांदीवर कळ्या धरतात. त्यांना बहराआधी छाटले तर त्या वर्षाचा बहरच आपण कापून टाकतो. वेल कोणत्या प्रकारचा आहे हे माहीत नसेल, तर फुले संपल्यावर लगेच हलकी छाटणी करावी. त्यात नुकसान सर्वांत कमी होते. कोवळ्या रोपाचा शेंडा खुडला तर बुंध्यापासून फांद्या फुटतात, अन्यथा वेल वर जाऊन फुलतो आणि तुमच्या वाट्याला उघडे खोड येते.

कुंडीखालच्या बशीत पाणी ठेवले तर चालते का?

नाही. साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात, आणि उबदार हवेत डासाचे अंडे आठवड्याभरात पंखवाला डास होऊ शकते. पाणी घातल्यानंतर अर्ध्या तासाने बशी रिकामी करावी. खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी जाऊ नये म्हणून बशी असायलाच हवी.

कोणते वेल बाल्कनीत लावूच नयेत?

विस्टेरियाचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते आणि ते कठड्याचे गज वाकवू शकते; शिवाय बियांपासून वाढवलेला विस्टेरिया फुलायला दहा-पंधरा वर्षेही घेतो. निळ्या घंटांसारख्या फुलांचा मोठा थनबर्जिया आणि गुलाबी फुलांचा अँटिगोनॉन यांचा मोह सर्वांनाच पडतो, पण दोघेही कुंडीत समाधानी राहत नाहीत आणि ज्या प्रदेशांत ते परके आहेत त्यांपैकी अनेक ठिकाणी रानात पसरून स्थानिक झाडांना गुदमरवतात. थनबर्जियाच हवा असेल तर नारिंगी फुलांचा, मध्यभागी काळा ठिपका असलेला त्याचा लहान भाऊ निवडावा. तो कुंडीत सुखाने राहतो. शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत पोहोचू शकेल असा कोणताही वेल लावण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलावे.

रोप विकत घेताना काय पाहावे?

वेलांच्या बोलीनावांचा फार घोळ आहे. जाई, चमेली ही नावे वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वेलांना लावली जातात, म्हणून शास्त्रीय नाव विचारावे : जुई हवी असेल तर जॅस्मिनम ऑरिक्युलेटम, मधुमालती हवी असेल तर काँब्रेटम इंडिकम. शक्यतो रोप बहरात असताना घ्यावे, म्हणजे रंग आणि गंध यांची खात्री होते. बोगनवेलीच्या बाबतीत तर हाच एकमेव भरवशाचा मार्ग आहे.

सर्वांत उंच रोप हेच सर्वांत चांगले, असे नसते. बुंध्यातून तीन-चार फांद्या फुटलेले बुटके रोप घ्यावे. पाने उलटी करून पाहावीत : पेरांत कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण, बारीक जाळे आणि पिवळे ठिपके असतील तर लाल कोळी. कुंडीच्या तळाच्या छिद्रातून मुळे थोडी डोकावत असतील तर हरकत नाही, पण त्यांचा गच्च गुंता बाहेर आला असेल तर ते रोप सोडून द्यावे. घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नये आणि थेट दुपारच्या उन्हातही ठेवू नये. आठ-दहा दिवस उजेडाच्या सावलीत इतर रोपांपासून वेगळे ठेवावे, कीड दिसली नाही तर मग संध्याकाळच्या वेळी मुळांभोवतीचा मातीचा गोळा न मोडता मोठ्या कुंडीत लावावे, आणि आधार त्याच दिवशी बांधावा, कारण नंतर आधार खोचताना नव्याने धरलेली मुळे तुटतात.